गाडीवर झाड पडलंय? आधी करवत खाली ठेवा

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी एक दृश्य हमखास दिसतं. गुलमोहर आडवा झालेला, त्याच्याखाली कुणाची तरी गाडी, आणि भोवती आठ-दहा माणसं ‘चला, सगळे मिळून ओढू’ म्हणत बाह्या सरसावून उभी. हेतू चांगला असतो, पण गाडीचं खरं वाटोळं पुष्कळदा त्या ओढण्यातच होतं. पडताना फांदीने छताला पोचा पाडलेला असतो. ओढताना तीच फांदी बॉनेटपर्यंत चरा काढते, पुढची काच फोडते, आरसा उखडते. वर विमा कंपनी विचारते, झाड गाडीवर असतानाचा फोटो कुठे आहे?

आत माणूस अडकलेला नसेल तर घाईचं काही कारण नाही. गाडी कुठे पळून जात नाही. आधी तारा बघायच्या, मग फोटो, मग फोन आणि करवत सगळ्यात शेवटी.

तारा

गाडीकडे धावण्याआधी वर बघा, मग फांद्यांमध्ये बघा. झाड पडताना विजेची तार, केबलवाल्याची तार, रस्त्यावरच्या दिव्याचा खांब असं बरंच काही सोबत घेऊन येतं. पानांच्या ढिगात कुठली तार कसली हे ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक तार जिवंत समजायची. ‘लाइट गेलीय, काही होत नाही’ हे वाक्य सगळ्यात घातक. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन, कुठल्याही क्षणी परत चालू होतो. एखाद्या इमारतीचा जनरेटर नीट जोडलेला नसेल तर त्याची वीज उलट्या दिशेने लाइनमध्ये येते. रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन तर बऱ्याचदा वेगळीच असते, घरात अंधार असला तरी ती चालू असू शकते. ओल्या जमिनीवर किमान दहा मीटर लांब राहा आणि इतरांनाही थांबवा. महावितरणच्या भागात १९१२ लावा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांपैकी जी कंपनी असेल तिचा नंबर बिलावर छापलेला असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवा.

चालत्या गाडीवर झाड पडलं आणि तुम्ही आत असाल, तर तार गाडीला टेकलेली असेपर्यंत आतच बसायचं. गाडीचा पत्रा आणि तुम्ही विजेच्या एकाच दाबावर असता, म्हणून आत धोका कमी. धोका आहे तो एक पाय जमिनीवर आणि हात दारावर असण्याच्या क्षणी. इंजिन बंद करा, हॉर्न वाजवा, ११२ किंवा १०१ लावा, जवळ येणाऱ्यांना ओरडून लांब ठेवा. गाडीने पेटच घेतला तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून, गाडीला कुठेही हात न लावता. त्यानंतर पाय जमिनीवरून न उचलता, टाच-चवड्याला चिकटवत सरकत लांब जायचं. तार जमिनीला टेकलेली असते तिथून दर पावलागणिक विजेचा दाब बदलतो. ढांग टाकली की दोन पायांमधल्या फरकाने शरीरातून प्रवाह जातो.

तार नसेल तर जिथे भार कमी आहे त्या बाजूच्या दाराने बाहेर या. मात्र आधी वर नजर टाका. अर्धवट मोडलेली फांदी शेंड्यात अडकून राहते आणि दहा-पंधरा मिनिटांनी, वाऱ्याच्या पुढच्या झुळकीला खाली येते. छत दबून माणूस अडकला असेल तर त्याला ओढू नका, मानेला इजा असू शकते. अग्निशमन दलाकडे पत्रा फाकवायची आणि कापायची हायड्रॉलिक अवजारं असतात.

गाडी सीएनजीची असेल तर वास घ्या. डिकीपर्यंत पोचता येत असेल तर सिलिंडरवरची हाताने फिरवायची झडप बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे उघड्यावर तो वर निघून जातो. छताखालच्या पार्किंगमध्ये मात्र स्लॅबखाली साठतो. तिथे दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर अग्निशमन दलाला फोनवरच तसं सांगा, आणि नारिंगी रंगाच्या केबलला कुणालाही हात लावू देऊ नका.

फोटो: गाडीचे आणि झाडाचेही

गाडीचे फोटो सगळेच काढतात. चारही बाजूंनी, नंबरप्लेट आणि झाड एकाच चौकटीत येईल असे दोन, आतून दबलेल्या छताचा एक, डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्याचा एक, फुटलेल्या काचांचे जवळून. शिवाय एक मिनिटाचा व्हिडिओ, न थांबवता, गाडीभोवती फिरून. फोनचं लोकेशन चालू ठेवा.

राहतात ते झाडाचे फोटो. कारण पालिकेची माणसं आली की दोन तासांत ओंडके टेम्पोत जातात, खड्डा बुजतो, आणि झाड का पडलं याचा पुरावा संपतो. पुढे पालिकेकडे किंवा सोसायटीकडे भरपाई मागायची वेळ आली तर हाच पुरावा लागतो. म्हणून बुंध्याकडे जा. मूळ सरळ, करवतीने कापल्यासारखं तुटलेलं असेल तर ते कधीतरी केबलच्या किंवा गटाराच्या खोदकामात कापलं गेलेलं असतं. वाऱ्याने तुटलेलं मूळ चिंध्या झाल्यासारखं दिसतं. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवलेत का, त्याचा फोटो घ्या. खोड मधून पोकळ, भुसभुशीत, तपकिरी झालेलं असेल तर त्या छेदाचा फोटो मोजपट्टी किंवा पेन शेजारी ठेवून घ्या. खोडावर शेल्फसारखी उगवलेली कठीण अळंबी दिसली तर तीही टिपा. आतलं लाकूड कुजतंय याची ती जाहिरातच असते. आजूबाजूची झाडं उभी आहेत हे दाखवणारा एक लांबचा फोटोही हवा. ‘वादळच तसं होतं’ या युक्तिवादाला तो एकटा पुरतो.

कुणाला फोन करायचा

झाड सार्वजनिक रस्त्यावरचं असेल तर मुंबईत १९१६, इतर शहरांत १०१ किंवा क्षेत्रीय कार्यालय. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. अग्निशमन दलाकडे गेलेल्या वर्दीची, म्हणजे मदतीच्या फोनची, नोंद राहते; नंतर केंद्रावर लेखी अर्ज करून त्या वर्दीचा अहवाल मिळतो आणि विम्याला तो उपयोगी पडतो. वादळी रात्री एका केंद्राकडे एकाच वेळी डझनभर वर्द्या असतात. आधी अडकलेली माणसं, मग बंद पडलेले रस्ते आणि मग गाड्या हा त्यांचा क्रम, आणि तो बरोबरच आहे. सोसायटीच्या आवारात पडलेल्या झाडाखालची गाडी एखादा दिवस तशीच राहील अशी मनाची तयारी ठेवा.

आवारातलं झाड हटवण्याची जबाबदारी सहसा सोसायटीचीच. माणसांना धोका असेल तर अग्निशमन दल येतं, नाहीतर खासगी ठेकेदार बोलवावा लागतो. इथे एक कायदा आडवा येतो: महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा. गाडीवर पडलेला भाग हटवण्याबद्दल कुणी भांडत बसत नाही, पण उभा राहिलेला अर्धा बुंधा ‘हाही कधीतरी पडेलच’ म्हणून त्याच झटक्यात तोडला तर तो गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी उद्यान विभागातल्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पडलेल्या झाडाचीही लेखी कल्पना त्याच दिवशी देऊन पोच घ्या.

विमा कंपनीला फोन झाड काढण्याआधीच करा. बहुतेक वेळा ते ‘फोटो पाठवा आणि काढून घ्या’ म्हणतात, पण ते त्यांनी म्हणायला हवं. पोलिसात गुन्हा नोंदवायची गरज उभ्या गाडीच्या नुकसानीला सहसा नसते. कुणी जखमी झालं असेल तर मात्र पोलिसांना कळवणं आलंच.

झाड काढणं

आधी वजनाचा अंदाज घ्या. ३० सेंटिमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण ०.२१ घनमीटर भरतो. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ८०० ते १००० किलो धरलं तर हा एक तुकडाच पावणेदोनशे ते दोनशे किलोचा झाला. तोही नुसता ओंडका, फांद्या-पानं वेगळी. आठ माणसं तो ‘उचलतात’ तेव्हा खरं तर लोळवतात, आणि लोळतो तो छतावरूनच.

दुसरी अडचण ताणाची. गाडीवर पडलेलं झाड निपचित दिसतं, पण त्यातली निम्मी लाकडं धनुष्यासारखी वाकलेली असतात. काही फांद्या जमिनीला टेकून अख्ख्या खोडाला टेकू देत असतात. सगळ्यात मोहात पाडणारी फांदी, म्हणजे वाटेत येणारी, हाताला सहज लागणारी, पुष्कळदा तोच टेकू निघते. ती कापली की खोड आणखी फूटभर खाली बसतं, थेट गाडीवर. ओळखायची पद्धत सोपी: हाताने ढकलल्यावर फांदी सहज हलली तर ती मोकळी आहे. ताठ, तारेसारखी लागली तर तिच्यावर भार आहे. आधी फक्त मोकळ्या डहाळ्या, शेंड्याकडून बुंध्याकडे, कोयत्याने किंवा हातकरवतीने काढायच्या. एवढं कुणीही करू शकतं. वाकलेली फांदी ज्याला कळत नाही त्याने तिला हात लावू नये. तिची आतली, आवळलेली बाजू आधी थोडी कापून भार सोडवायचा असतो आणि मग बाहेरची, ताणलेली. उलट केलं तर फांदी फुटून कापणाऱ्याच्या छातीवर येते. उभं राहायचं तेही आतल्या बाजूला. यांत्रिक करवत चालवता येणं आणि ताण वाचता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. ठेकेदार निवडताना दुसरीबद्दल विचारा.

झाड मुळासकट उपटलं असेल तर मुळांचा मातीसकटचा गड्डा हवेत उभा राहतो. खोड त्याच्यापासून कापून वेगळं केलं की गड्ड्यावरचा भार जातो आणि तो धप्पकन परत खड्ड्यात बसतो. पोरं नेमकी त्या खड्ड्यात उतरून बघत असतात. त्या बाजूला दोरी बांधून टाका.

गाडीची तयारी तीन गोष्टींची. हँडब्रेक ओढलेला असू दे आणि चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. झाडाच्या भाराने स्प्रिंग दबलेल्या असतात, भार सुटला की गाडी वर उसळते आणि हलते. बॉनेट उघडत असेल तर बॅटरीची ऋण तार काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असणाऱ्या गाडीत हे टाळू नका. दबलेल्या छताजवळ करवत चालू असताना ती उघडली तर डोकं आत घातलेल्या माणसाचं काही खरं नाही. तिसरं, छताच्या न दबलेल्या भागावर आणि बॉनेटवर जुनी गादी किंवा चार-पाच गोणपाटं अंथरा. करवतीचा भुसा, साखळीचं तेल, निसटलेलं अवजार, सगळं त्यावर पडतं.

मग मुख्य खोड. ते उचलायचंच असतं, ओढायचं कधीच नाही. हायड्रा क्रेन पोचत असेल तर दोन रुंद पट्टे, खोडाच्या दोन जागी. साखळी किंवा तारेचा दोर नको, तो घसरतो. क्रेनवाल्याला सांगा की आधी फक्त चार बोटं वर घे आणि थांब. तेवढ्यात बघायचं: फांदीचा एखादा खुंट छतातून आत घुसलाय का, काचेची चौकट अडकलीय का. असेल तर तिथेच खुंट कापायचा, मग सरळ वर. बाजूला वळवायचं ते गाडीपासून पूर्ण सुटल्यावरच, आणि खोडाला बांधलेली दिशादर्शक दोरी लांबून धरून.

क्रेन पोचत नसेल तर खोडाच्या खाली गाडीच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळ्यांचे चौरस टेकू रचा, भार गाडीवरून त्यांच्यावर घ्या, आणि मग गाडीवरचा भाग दीड-दीड फुटाचे काप करून उतरवा. ३० सेंटिमीटर जाडीचा दीड फुटी काप तीसेक किलोचा होतो, दोघांना झेपतो. यात दोन-तीन तास जातात आणि ठेकेदार कुरकुरतो. कुरकुरू द्या.

नारळाच्या झाडाचं थोडं वेगळं. खोड चिवट आणि सरळ, फांद्यांचे टेकू नाहीत, म्हणून ते लगेच गोल फिरतं. काही कापण्याआधी दोन्ही बाजूंनी पाचरी मारून घ्या.

झाड निघालं, आता चावी फिरवू नका

बॉनेट खाली दबलं असेल तर रेडिएटरचा पंखा, पट्टे, एसीचा कंडेन्सर यांच्याशी ते भिडलेलं असू शकतं. खाली वाकून बघा. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी पाणी म्हणजे कूलंट, तपकिरी-काळं म्हणजे तेल. ‘गॅरेज तर दोन किलोमीटरवर आहे, हळूच नेऊ’ हा मोह महागात पडतो. प्रमाण विमा पॉलिसीतच अट आहे की दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं तर ते वाढीव नुकसान तुमच्या माथी. गाडी न्यायची ती सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर. वरून पडलेल्या भाराने सस्पेन्शन वाकलेलं असेल तर आकड्याला अडकवून ओढण्याने त्यात भर पडते. त्याच पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी खासगी कारला १,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. रस्त्यावरच्या मदतीची वेगळी जोड (ॲड-ऑन) घेतली असेल तर टोइंग त्यातून होतं.

टोइंग यायला वेळ असेल तर ताडपत्री टाका. पावसाळ्यात फुटलेल्या काचेतून एका रात्रीत गालिचा भिजतो, आणि एअरबॅगचं नियंत्रक यंत्र बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटमधल्या उंचवट्यावर, म्हणजे गालिच्याच्या पातळीला असतं. ‘नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेतली’ हे दाखवण्यासाठी ताडपत्री टाकलेल्या गाडीचाही फोटो काढा. पुढची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा असलेली, ती तडकली तरी एकसंध राहते. बाजूच्या आणि मागच्या काचेचे मात्र हजारो दाणे होतात आणि ते दाराच्या पोकळीत, सीटबेल्टच्या कुलपात शिरतात. ते व्हॅक्यूमने काढायचे, हाताने नाही. पानं, चीक, भुसा कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी, नाहीतर काचेच्या कणांनी रंगाची सँडपेपरने घासल्यासारखी गत होते.

विम्याचा हिशोब

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल किंवा स्वतःच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी असेल तर झाड पडणं त्यात बसतं, वादळाने पडलं असो की शांत दुपारी. झाड कुणाचं होतं याच्याशी तुमच्या दाव्याचा संबंध नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण मिटेपर्यंत दावा अडवून ठेवू नका.

पैसे किती मिळतात हे घसाऱ्यावर, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दल कापल्या जाणाऱ्या रकमेवर ठरतं. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के कापतात, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य. पत्र्याच्या भागांवर वयानुसार: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५०. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम मालाची धरतात आणि तिच्या निम्मी कापतात. शिवाय सक्तीची वजावट: १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर २,०००.

साडेचार वर्षांच्या छोट्या कारचं एक काल्पनिक बिल घेऊ. छत १८,०००, बॉनेट ९,०००, पुढची काच ८,०००, बंपर आणि इतर प्लास्टिक ६,०००, रंगकाम २०,०००, मजुरी २५,०००. एकूण ८६,०००, कर बाजूला ठेवून. पत्र्याच्या २७,००० वर ३५ टक्के म्हणजे ९,४५० तुमचे. प्लास्टिकचे ३,०००. रंगाचे २,५००. सक्तीचे १,०००. खिशातून १५,९५०, कंपनीकडून ७०,०५०. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड असती तर खिशातून साधारण १,००० आणि किरकोळ खपाच्या वस्तूंचे पैसे गेले असते.

नुकसान छोटं असेल, फक्त पोचे आणि एक आरसा, तर दावा करावा का? इथे बहुतेकजण फक्त पुढच्या वर्षाची सवलत बुडेल एवढंच मोजतात. ते चूक आहे. ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, असताना दावा केला की तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५, ५० अशी शिडी पुन्हा चढावी लागते. पाच वर्षांत गमावलेली सवलत ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे बेरीज १२५ टक्के. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० असेल तर ही किंमत ११,२५० रुपये होते. गाडीचं मूल्य दरवर्षी उतरतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. घसारा वजा जाऊन हातात येणारी रक्कम यापेक्षा कमी असेल तर खिशातून करून मोकळे व्हा. बोनस वाचवणारी जोड पॉलिसीत असेल तर हा हिशोब बदलतो.

नुकसान ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर नुकसान तपासणारा परवानाधारक सर्वेक्षक (सर्व्हेअर) लागतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्वेक्षक २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि कंपनीचा निर्णय त्यानंतर ७ दिवसांत यायला हवा. सर्वेक्षक येण्याआधी गॅरेजला काहीही उघडू देऊ नका. आणि पहिल्या अंदाजपत्रकावर थांबू नका. छताचं आतलं अस्तर उतरवल्यावरच आडवे पट्टे वाकलेले दिसतात. असं लपलेलं नुकसान निघालं की काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक आणि दुसरी पाहणी मागायची. भाग बदलून झाल्यावर सांगितलं तर पैसे जातात. जुने भाग गॅरेजमध्ये शेवटपर्यंत ठेवायला सांगा.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवरच्या घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. मूल्य ४ लाख तर सीमारेषा ३ लाखांची. यात भागांचा घसारा कापत नाहीत. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. सांगाडा घेणारा दलाल ‘कागद नंतर बघू’ म्हणाला तर नाही म्हणा. आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या आणि फास्टॅग बंद करा, नाहीतर तुमच्या चासी नंबरावर दुसरीच गाडी फिरते.

दावा विनाकारण नाकारला तर क्रम असा: कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५, मग विमा लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, वकील लागत नाही, फी नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात.

पालिकेकडून भरपाई?

मिळू शकते, पण आपोआप नाही. ‘दैवी आपत्ती’ हे पालिकेचं पहिलं उत्तर असतं. १९९९ साली दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीलादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. वाळलेल्या झाडाची फांदी पडून स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला होता आणि रस्त्यावरच्या झाडांची देखभाल हे पालिकेचं कर्तव्य असल्याने तिला निष्काळजीपणासाठी जबाबदार धरलं गेलं. म्हणजे प्रश्न वाऱ्याचा नाही, झाड धोकादायक आहे हे पालिकेला कळलं होतं का, कळायला हवं होतं का, याचा आहे. बुंध्याचे फोटो इथे कामाला येतात. जोडीला माहिती अधिकारात, १० रुपयांच्या अर्जावर, त्या झाडाबद्दल आधी आलेल्या तक्रारी, छाटणीच्या नोंदी आणि त्या रस्त्यावर खोदाईला दिलेल्या परवानग्या मागा. वकिलाकडे जायचं असेल तर लवकर जा. महापालिकेवर दावा लावण्याआधी नोटिशीची आणि मुदतीची बंधनं असतात, आणि ती मुदत महिन्यांत मोजतात, वर्षांत नाही.

तलाठ्याचा पंचनामा घर, गोठा, पीक यांच्यासाठी. त्यातून खासगी कारला पैसे मिळतील या आशेवर राहू नका.

गॅरेजमधून गाडी घेताना

छताचा पोचा आणि छताच्या कडेचं वाकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मधला पोचा बाहेर काढता येतो. पण पुढच्या काचेच्या बाजूचे किंवा दारांमधले खांब वाकले असतील तर ठोकून सरळ केलेला खांब पूर्वीइतका भार घेत नाही. तिथे कंपनीच्या पद्धतीने भाग बदलूनच घ्यावा. तपासायला दारं पुरतात. दार आणि खांब यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी, आणि दार न उचलता, न ढकलता लागायला हवं. डावी-उजवी बाजू ताडून बघा.

पुढची काच चिकटवणारा पदार्थ सुकायला गॅरेज सांगेल तेवढे तास द्याच. ही काच छताला आधार देते आणि प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत तो पुन्हा जुळवून घेतल्याचा कागद मागा. व्हील अलाइनमेंटचा छापील अहवालही मागा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी त्याची तोंडबंदी केलेली असते.

शेवटी पाण्याचा पाइप मागवा. दहा मिनिटं छतावर, काचांच्या कडांवर आणि दारांच्या रबरांवर पाणी मारायला लावा आणि तुम्ही आत बसा. हात गालिच्याखाली घालून बघा, छताच्या अस्तराचे चारही कोपरे चाचपा. ओल लागली तर सही न करता गाडी तिथेच सोडा.